साडेआठने भागलेला वर्ग

आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मराठी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी एकदम बी. ए. झालो. फुशारकी मारायची म्हणून हे सांगत नाही. म्हणजे थोडी आहेच फुशारकी, ती का लपवा? पण पुढे जे लिहितो आहे ते माझ्या त्या बी. ए. मुळेच घडलं, म्हणून ते आधी सांगितलेलं बरं.

वडिलांचा पंचवटीच्या पलीकडे मळा होता. वांगी, मेथी, कोथिंबीर पिकवायची आणि नदीकाठच्या बाजारात बसून विकायची. लहानपणी गावच्या पंतोजींकडे दीड वर्ष धूळपाटीवर बसले, तेवढीच त्यांची शाळा. मी पास झाल्याचं कळलं तेव्हा त्यांनी बाजारात येईल त्याला जुडीमागे चार काड्या जास्त घातल्या आणि कारण विचारलं की सांगायचे, "पोरगं बीए झालंय, घेऊन जा."

एकोणीसशे तिसाच्या पुढची ती वर्षं. नोकऱ्या नव्हत्याच. मला मात्र नाशकातच एका हायस्कुलात मास्तरकी मिळाली. इतिहास आणि इंग्रजी शिकवायला घेतलं होतं. शाळेत तोवर ग्रॅज्युएट एकटे हेडमास्तर. दुसरा मी. त्यामुळे पहिली सहामाही परीक्षा झाली तशी हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं आणि कापडी बांधणीचं एक मोठं रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं.

"आजवर सरासरी आमचे कारकून काढायचे. ते आता निवृत्त झाले. यंदा ग्रॅज्युएटच्या हातची निघू दे."

सरासरी म्हणजे साधी गोष्ट नव्हती. आमच्या शाळेत वरच्या वर्गातल्या ज्या मुलाची सहामाहीची सरासरी पंचेचाळीस भरेल त्याचाच मॅट्रिकचा फॉर्म मुंबईला जायचा. चव्वेचाळीसवाल्याने पुढल्या वर्षी यावं. आणि पुढल्या वर्षी येतो कोण? कुणी दुकानात बसे, कुणी शेतात जाई, कुणाचं लग्न उरकून टाकत. फॉर्म पाठवायला पंधरा दिवस होते.

रजिस्टर मी छातीशी धरून स्टाफरूममध्ये नेलं. उभ्या रकान्यांना वर विषयांची नावं छापलेली: इंग्रजीचे दोन पेपर, मराठी, गणित, संस्कृत, फारसी, इतिहास-भूगोल, शास्त्र. हे आठ झाले, शंभर-शंभर गुणांचे. शेवटी कवाईत, पन्नास गुणांची, म्हणून अर्धा विषय. एकूण साडेआठ. गुणांची बेरीज करायची, साडेआठने भागायचं. इतकं तर मला येत होतं. मी दशांशात दोन स्थळांपर्यंत उत्तर काढलं. कारकून बिचारे पाव, अर्धा, पाऊण असं लिहीत. गेल्या वर्षीचं त्यांचं पान आणि माझं दशांशांचं पान आलटून पालटून उघडून मी दोनदा-तीनदा नुसतं बघत बसलो.

वर्गात सव्वीस मुलं होती. सव्वीसच्या सव्वीस नापास झाली.

पहिला नंबर तीनशे एक्क्याऐंशी गुणांचा. त्याची सरासरी चव्वेचाळीस दशांश आठ दोन. तोही गेला. आता कुठल्याही शहाण्या माणसाला इथे शंका यायला हवी होती. मला आली नाही. मला वाटलं, वर्ग मठ्ठ आहे, आजवर कुणी नीट मोजलंच नव्हतं.

हेडमास्तरांना माझ्याहून जास्त आनंद झाला. कडक शिस्तीची शाळा म्हणून आपलं नाव व्हावं असं त्यांना फार वाटे, पण दर वर्षी निम्मी मुलं पास होऊन ते नाव होऊ देत नसत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि यादी दोनदा वाचली.

"पहिलासुद्धा?"

"पहिलासुद्धा, सर."

"वा! याला म्हणतात परीक्षा." त्यांनी सही केली आणि शनिवारी सकाळी यादी फळ्याशेजारी खिळ्याला लागली.

त्या आठवड्यात बोर्डिंगच्या भांड्यांना कल्हई लावायचं काम शाळेच्या आवारात चाललं होतं. कल्हईवाला जुन्या नाशकातला. त्याचा मुलगा याच वर्गात होता आणि त्यांच्या घराण्यात इथवर आलेला तो पहिलाच, म्हणजे आमच्या घरातल्या माझ्यासारखाच. यादी लागल्यावर कल्हईवाला हातातला चिमटा तसाच घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तरसाहेब, पोरगा नापास म्हणता. सगळा नापास की थोडा?"

"सरासरी एकोणचाळीस दशांश सात सहा," मी म्हणालो.

"म्हंजे थोडा?"

"नापास तो नापास."

त्याने मान हलवली. "बरं झालं, एक डाव कळलं. खांदा दोन वर्षं धरलाय माझा, भाता ओढवत नाय. पास झाला तर शिकवीन म्हटलं होतं, नाय तर भात्यावर बसवीन. फॉर्म गेले की बसवतो." तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. तो परत जाऊन हंडा घासायला लागला.

मुलगा पिंपळाच्या पारावर बसला होता. आपल्या गुणांची बेरीज पाटीवर करत होता. तीनशे अडतीस. पुसायचा आणि पुन्हा करायचा. बेरीज दर वेळी बरोबरच येत होती.

रविवारी मी रजिस्टर घेऊन बाजारात गेलो. वडिलांना माझं अक्षर दाखवायचं होतं. ते वांग्यांच्या पाटीमागे बसले होते. हात धोतराला पुसून त्यांनी पान धरलं, उलटं धरलं होतं ते मी सुलटं करून दिलं. अंक मात्र त्यांना चांगले वाचता येत. बेरीज साडेआठने कशी भागली तेही मी सांगितलं.

"ही पोरं समदीच नापास?"

"समदीच."

"लय वंगाळ बी पेरलंय मग." त्यांनी बोट एका ओळीवरून फिरवलं. ती कल्हईवाल्याच्या मुलाची ओळ होती, बोटाखाली आली इतकंच. "हितं एक घर रिकामं सोडलंय ते?"

"ते संस्कृतचं. तो मुलगा फारसी घेतो."

"आन् ह्या वरच्याचं हे रिकामं?"

"ते फारसीचं. तो संस्कृत घेतो. प्रत्येकाने दोन्हींपैकी एकच घ्यायचं असतं."

"एकच घ्यायचं?"

"एकच."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शेजारी मिरच्या घेऊन बसलेल्या बाईनेही पाहिलं.

"मंग तू साडेआठनं कसं भागतो? पोरगं एका ताटावर जेवलं, तू दोन ताटं मांडतो. घरं साडेआठ असतील, जेवलं ते साडेसातच ना?"

मी ती रिकामी घरं पुन्हा बोटाने मोजली. माझ्या कानांतून वाफ निघत होती एवढं आठवतं.

"साडेसातनं भागणं म्हंजे काय," ते स्वतःशीच पुटपुटले, "दुप्पट कर, पंधरानं भाग. तीनशे अडतिसाचे सहाशे शहात्तर. पंधरा पंचेचाळीस सहाशे पंच्याहत्तर. एक उरला." त्यांनी पान मिटलं. "पास हाय तुझं पोरगं. एक वर टाकून पास हाय."

दोन वर्षं कॉलेजात मी गणित घेतलं होतं. वडिलांनी हे वांगी तोलता तोलता केलं.

"बीए झालास ते खरंच ना रं?" मिरचीवाली म्हणाली. वडिलांनी तिला गप्प केलं. पण तिच्या मिरच्यांचा ठसका पुढे दोन दिवस माझ्या घशात होता.

सोमवारी मी हेडमास्तरांच्या खोलीत उभा राहिलो आणि सांगितलं. त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं. मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. तिथे रजिस्टरचे नियम छापले होते.

"खोडाखोड चालणार नाही. नियम सात. एका ओळीतली चूक दुरुस्त करायची, तर ज्याने केली त्याने लाल शाईत कबुली लिहायची, आणि ती प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मोठ्याने वाचायची. दिवसाला एक ओळ."

"दिवसाला एक?"

"म्हणजे कुणी सवयीने चुका करू नयेत. तुमच्या सव्वीस ओळी आहेत. सव्वीस दिवस लागतील." त्यांनी कॅलेंडर बघितलं. "फॉर्मची मुदत आता बारा दिवसांवर आली आहे."

मी म्हणालो, मग तर अशक्यच. ते म्हणाले, अशक्यच. आज इतक्या वर्षांनी लिहितो म्हणून खरं सांगतो, मुदत हे निमित्त होतं. बारा दिवसांत निदान बारा मुलं सुटली असती, आणि त्यांत कल्हईवाल्याचा मुलगा पहिला घेता आला असता. पण 'मी, बी. ए., भागाकारात चुकलो' असं पाचवीच्या पोरांसमोर वाचायला मी तयार नव्हतो. नियमाने वाट बंद केली तर मला हायसंच वाटलं.

मग हेडमास्तरांच्या डोक्यात ते आलं.

"भागाकार बदलता येत नाही. पण रकाने भरता येतात! साडेआठ विषय धरले आहेत ना आपण? तर मुलांनी साडेआठ विषय द्यावेत. संस्कृतवाल्यांची फारसी घ्या, फारसीवाल्यांची संस्कृत घ्या. रिकामं घर उरणार नाही आणि सरासरी बरोबर होईल."

हे ऐकून मी हसायला हवं होतं. मी म्हणालो, "उत्तम, सर."

शास्त्रीबुवा आणि मौलवीसाहेब यांचे तास एकाच वेळी असत. दोन वर्गांमध्ये फळ्यांचं एक आडोशाचं पार्टिशन होतं. एका बाजूला तेवीस मुलं विभक्ती चालवत, दुसऱ्या बाजूला तीन मुलं फारसी क्रियापदं. दोन्ही गुरू एकमेकांशी प्रेमाने भांडत. शास्त्रीबुवांना परीक्षेचं सांगितलं तर ते म्हणाले, "तीन दिवसांत संस्कृत? गाढवाला पंधरवड्यात पुराण सांगायला लावा, ते सोपं." मौलवीसाहेब म्हणाले, "माझ्याकडे तेवीस येणार? आयुष्यात एवढा वर्ग मिळाला नाही. जरूर घेतो."

गुरुवारी दुपारी परीक्षा झाली. देखरेखीला मी. आधी फारसी. लेखी भागात फक्त आपलं नाव लिहायचं होतं. पंचवटीतल्या एका उपाध्यांच्या मुलाने ऐकलं होतं की फारसी उजवीकडून लिहितात. त्याने आपलं नाव बाळबोध अक्षरांत उजवीकडून डावीकडे लिहिलं. हा वर्गातला सगळ्यांत ढ, त्याची खरी सरासरी जेमतेम चाळीस. मौलवीसाहेबांनी कागद आरशासारखा उलटसुलट करून वाचला आणि म्हणाले, "दिशा बरोबर आहे. निम्मे गुण."

मग तोंडी.

"बोल बेटा, दरवाजा म्हणजे काय?"

मुलगा घाबरला. "दरवाजा, साहेब."

"शाबास. जमीन?"

"जमीनच."

"बाजार? शहर? जखम?"

"बाजार. शहर. जखम म्हणजे... जखम."

मौलवीसाहेबांनी वहीत गुण मांडले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मास्तर, यांच्या आया सकाळपासून फारसी बोलतात, पत्ता कुणालाच नाही." तेवीस मुलांत कुणालाही त्यांनी नव्वदच्या खाली ठेवलं नाही. नाव उलटं लिहिणाऱ्याला लेखीचं अर्धं कापूनही एवढे मिळाले की तो सेहेचाळीसवर गेला.

पलीकडे शास्त्रीबुवा तिघांना घेऊन बसले होते. बाकीचे दोघे चांगल्या गुणांचे होते, त्यांना थोडक्यात निभावलं असतं. कल्हईवाल्याच्या मुलाचं तसं नव्हतं. त्याचे तीनशे अडतीस. साडेआठच्या हिशोबाने पंचेचाळीस भरायला त्याला संस्कृतमध्ये साडेचव्वेचाळीस गुण हवे होते. हे त्यालाही माहीत होतं, पाटीवर त्यानेच काढलं होतं.

"रामाचं चालव," शास्त्रीबुवा म्हणाले. तो गप्प राहील असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांनी तपकिरीची डबी उघडली होती.

मुलाने डोळे मिटले आणि चालवलं. प्रथमा, द्वितीया, तृतीया, चतुर्थी, तिन्ही वचनं, आमच्या वर्गाच्या चालीत, वर्ग जिथे श्वास घेतो तिथे श्वास घेऊन. मध्ये एकदा खोकलासुद्धा, कारण वर्गातला एक मुलगा तिथे नेहमी खोकायचा. शास्त्रीबुवांची चिमूट हवेतच राहिली.

"कुठे शिकलास रे?"

"पार्टिशनच्या पलीकडे, बुवा. चार वर्षं ऐकतोय."

"मग पुढे चालव. पंचमी."

मुलगा थांबला.

"पंचमी का येत नाही?"

"पंचमीला तुमचा वर्ग झोपतो, बुवा. पुढचं पलीकडे ऐकूच येत नाही."

मी मागे उभा राहून हसलो. शास्त्रीबुवा हसले नाहीत. त्यांनी कागद ओढला. "संबोधन धरून आठ. त्यांतल्या चार आल्या. शंभरातले पन्नास. उच्चारांचे सहा कापतो. चव्वेचाळीस."

मी म्हणालो, "बुवा, अर्धा गुण..."

"भाषेत अर्धा गुण नसतो, मास्तर. तुम्ही बी. ए. आहात, तुम्हाला कळायला हवं."

तीनशे ब्याऐंशी भागिले साडेआठ. चव्वेचाळीस दशांश नऊ चार. मी तीन वेळा केलं. शुक्रवारी हेडमास्तरांनी यादी पाहिली. पंचवीस पास, एक नापास. ते म्हणाले, "एक तरी राहिला, ठीक आहे." मी म्हणालो, सर, हे पंचेचाळीसच झालं की. ते म्हणाले, "चव्वेचाळीस दशांश नऊ चार म्हणजे पंचेचाळीस नव्हे. दशांश तुम्हीच आणलेत. कारकून असते तर 'पंचेचाळीसला किंचित कमी' लिहून सोडून दिलं असतं."

बाहेर उलटं नाव लिहिणारा मुलगा उड्या मारत होता. सव्वीसांत ज्याची खरी सरासरी पुरेशी होती आणि तरी जो राहिला, असा कल्हईवाल्याचा मुलगा एकटाच. आणि तो राहिला होता माझ्या भागाकाराने.

संध्याकाळी मळ्यावर वडिलांना सगळं सांगितलं. ते मेथीला पाणी देत होते. फारसीचं ऐकून हसले, अर्ध्या गुणाचं ऐकून बारं मोडून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचं विसरले, वाफा भरून वाहायला लागला.

"लाल शाईत लिहायचं न् वाचायचं, येवढंच ना?"

"सगळ्या शाळेसमोर."

"काटा मारलेला दिसला तर गिऱ्हाइकासमोरच सरळ करतेत. घरी जाऊन केला तर कोन मानंल?" त्यांनी फावडं घेतलं. "आन् तुझं बीए काय असं वाचल्यानं परत घेत्यात का?"

मी म्हणालो, नाही घेत. "मंग?" ते म्हणाले आणि बारं मोडायला गेले.

शनिवारी सकाळी मी हेडमास्तरांकडून लाल शाई मागून घेतली. ते म्हणाले, "बाकी पंचवीस ओळींचं काय? त्याही साडेआठनेच भागल्या आहेत." मी म्हणालो, त्यांची तक्रार नाही. त्यांनी नियम सात पुन्हा वाचला. ओळीला एक कबुली. ज्या ओळीची कबुली नाही ती ओळ बरोबर. "नियमात बसतं," ते म्हणाले, आणि त्यांना जरा समाधानच वाटलं. त्यामुळे त्या पानावर आजही पंचवीस मुलं साडेआठने भागलेली आहेत आणि एक साडेसातने.

प्रार्थना संपली. मी पुढे झालो आणि वाचलं: "खाली सही करणार मी, बी. ए., या विद्यार्थ्याने एकच भाषा घेतली असता दोन धरून भागाकार केला. बेरीज बरोबर आहे. चूक माझी आहे." लहान वर्गातली पोरं हसतील असं वाटलं होतं. ती नाही हसली, त्यांना कळलंच नाही. मास्तर मंडळी मात्र खाली बघून मिशा कुरवाळत होती. हेडमास्तर म्हणाले, "करून दाखवा." मी फळ्यावर सहाशे शहात्तर लिहिलं, पंधराने भागलं, भाग पंचेचाळीस, बाकी एक. वडिलांच्याच पद्धतीने केलं, दशांश नाही काढले.

"एक उरला," मौलवीसाहेब मागून म्हणाले.

"त्या एकावर गेला," शास्त्रीबुवा म्हणाले. मग त्यांनी त्या मुलाला बोलावलं आणि हळू आवाजात, पण मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सोमवारपासून पार्टिशनला लागून बस. पंचमी मी स्वतः ओरडतो."

कल्हईवाला आवारात हंड्यापाशी होता. भाता बंद ठेवून त्याने सगळं ऐकलं होतं. मी गेलो तसा उठला.

"मास्तरसाहेब, आता थोडा पास की सगळा?"

"एक पंधरांशाने पास."

"म्हंजे सगळा?"

"सगळा. फॉर्म आजच्या टपालाने जातो."

त्याने दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. मग हंड्याकडे बघितलं, भात्याकडे बघितलं, आणि उजवा खांदा चोळत म्हणाला, "आता ह्याला दुसरं कोण बघावं?"

पहिली घंटा व्हायला अवकाश होता. मी कोट काढून पिंपळाच्या पारावर ठेवला आणि भात्यासमोर उकिडवा बसलो. त्याने नको नको म्हटलं, मग बाजूला सरकला. मी जोर लावून ओढायला लागलो. कोळसे फुलले, ठिणग्या धोतरावर आल्या, हंड्यातलं कथील चांदीसारखं वितळलं आणि लगेच काळं पडायला लागलं.

"मास्तर, हळू," तो म्हणाला. "लय जोर करता तुम्ही. असं जळतंय ते."

मी हात सैल सोडला.